व्हीसीआर चांगलाय हो, टीव्ही ऐकत नाही

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वहिनींचा फोन आला. "दादा, १९९४ ला आमच्या लग्नाचं शूटिंग तुम्हीच केलेलं. आता कॅसेट लावली तर सगळं ब्लॅक अँड व्हाईट. व्हीसीआरचं हेड गेलं वाटतं."

हेड म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारं टोक. ते गेलं की पडद्यावर मुंग्या येतात, रंग जात नाहीत. तरी गेलो बघायला. मुलानं नवा ४३ इंची एलईडी घेतलेला. व्हीसीआर पोटमाळ्यावरून खाली उतरवलेला, वरचा क्रोशाचा रुमाल तसाच. मागं पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या सॉकेटात बसवलेली, आणि ती तिथंच हवी होती. चूक होती रिमोटवर. सोर्समध्ये 'एव्ही'ऐवजी 'कंपोनंट' निवडलेलं. या नव्या टीव्हींत ते हिरवं भोक दोन कामं करतं. एव्ही निवडलं तर पिवळ्या पिनेतून येणारं रंगासकट अख्खं चित्र घेतं. कंपोनंट निवडलं तर फक्त उजेड-अंधार घेतं आणि रंगाची वाट निळ्या-लाल पिनांकडून बघत बसतं. रंग तिकडून येणारच नाही, मग लग्न ब्लॅक अँड व्हाईट. एक बटण दाबलं आणि वहिनींचा शालू हिरवा झाला. भडंग खाल्लं, चहा घेतला.

मी १९८८ पासून सतरा-अठरा वर्षं सांगली, मिरज, तासगाव पट्ट्यात लग्नाची शूटिंगं केली. मशीन बिघडलं तर दुसऱ्या दिवशीच्या लग्नापर्यंत दुरुस्त करून देणारं कोणी नसायचं, म्हणून दुरुस्तीही शिकलो. अजून घरी तीन व्हीसीआर चालू आहेत. लोकांचे फोन येतात आणि प्रत्येकाला वाटतं व्हीसीआर मेला. बहुतेक वेळा तो जिवंत असतो. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही सोशीक होता. कॅसेटवरचं चित्र थोडं हललं, थोडं वाकलं, तरी सांभाळून घ्यायचा. नवा टीव्ही तेच चित्र बघून 'नो सिग्नल' म्हणतो आणि तोंड फिरवतो. म्हणून आधी दोष कुणाचा ते ठरवा, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

ठरवायची माझी रीत अशी. लग्नाची कॅसेट पहिल्यांदा कधीच लावायची नाही. आधी एक बळीचा बकरा लावायचा. माझ्याकडे १९९६ च्या वर्ल्डकपच्या मॅचेस दूरदर्शनवरून उतरवलेली कॅसेट आहे, ती मशीननं खाल्ली तरी मला सुतक नाही. त्याच्याही आधी, कॅसेट न घालता व्हीसीआर चालू करून त्याचा मेनू किंवा निळा पडदा टीव्हीवर दिसतो का बघा. तो स्वच्छ, स्थिर दिसत असेल तर वायर चांगली, टीव्हीचं सॉकेट चांगलं, सोर्स बरोबर. मग दोष हेडचा किंवा कॅसेटचा. मेनूच दिसत नसेल तर हेडला हात लावायची गरज नाही, वायरीमागं लागा. बकरा चांगला चालला आणि लग्न खराब दिसलं तर दोष त्या कॅसेटचा. एवढ्यानं अर्धा घोळ संपतो.

वायरीचं म्हणाल तर हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना पिवळं-पांढरं-लाल सॉकेट नसतंच. एक छोटं हेडफोनसारखं भोक असतं, 'एव्ही इन' लिहिलेलं. त्याची खास वायर टीव्हीबरोबर येते आणि खोक्याबरोबर भंगारात जाते. मग लोक जुन्या कॅमेऱ्याची तशीच दिसणारी वायर लावतात. पिनेवर तीन काळ्या रेघा, चार भाग, दिसायला सारखी. पण आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. कुठं चित्राच्या जागी आवाज, कुठं अर्थिंगच्या जागी चित्र. खूण अशी की पडदा काळा आणि स्पीकरमधून घुर्रर्र असा आवाज. तो आवाज म्हणजे तुमचं चित्रच, चुकीच्या दारानं आत आलेलं. अशा वेळी व्हीसीआरच्या पिवळ्या सॉकेटात पिवळीऐवजी लाल पिन लावून बघा, मग पांढरी. एखाद वेळी चित्र येतं. अर्थिंगच उलटं असेल तर काही केल्या येणार नाही, टीव्हीच्या कंपनीची वायर आणा.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर लागतो. दुकानात 'एव्ही टू एचडीएमआय' असं मागा. त्याच आकाराचा, त्याच रंगाचा 'एचडीएमआय टू एव्ही' पण मिळतो आणि तो बरोबर उलट्या दिशेचा. माझ्या मेहुण्यानं दोनदा तोच आणला. कन्व्हर्टरला यूएसबीची वायर लावून पॉवर द्यावी लागते, नाहीतर तो झोपलेलाच.

आता मुंग्या. अख्ख्या पडद्यावर मुंग्या, पण सनई व्यवस्थित ऐकू येते? मग हेडवर घाण बसलीय. साध्या व्हीसीआरमध्ये आवाजाचं हेड वेगळं असतं, ते एका जागी उभं असतं. चित्राची हेडं फिरत्या ड्रमवर. म्हणून आवाज चांगला आणि चित्र गेलं हे लक्षण पक्कं. ड्रमवर किमान दोन हेडं समोरासमोर असतात. त्यातलं एकच बुजलं तर चित्र दिसतं पण थरथरतं, एक आड एक मुंग्यांचा पडदा पडल्यासारखं.

मुंग्या अख्ख्या पडद्यावर नसून आडव्या पट्ट्यात असतील तर ट्रॅकिंग. हे जरा समजून घ्या, म्हणजे बटण कशाला दाबतोय ते कळेल. अर्धा इंच रुंदीची टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटीमीटर सरकते. तिरका बसवलेला ड्रम मात्र मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो. अर्ध्या फेरीत एक हेड टेपवर एक तिरकी रेघ वाचतं, त्या एका रेघेत चित्राचा एक फील्ड, म्हणजे एक आड एक ओळींचं अर्धं चित्र, सेकंदाचा पन्नासावा भाग. रेघ किती जाड? ४९ मायक्रॉन. केसापेक्षा बारीक. त्या रेघेवर हेड बरोबर पडावं म्हणून टेपच्या खालच्या काठावर खुणा असतात, कंट्रोल ट्रॅक. ट्रॅकिंगचं बटण म्हणजे त्या खुणेपासून हेड किती आधी किंवा नंतर पोचवायचं ते ठरवणं. माझ्या कॅमेऱ्यावर केलेली कॅसेट तुमच्या व्हीसीआरवर थोडी चुकणारच, दोन शिंप्यांच्या टेपा कधी जुळल्यात का?

बऱ्याच व्हीसीआरवर कॅसेट चालू असताना चॅनलची वर-खालीची बटणंच ट्रॅकिंगची होतात. दोन्ही एकदम दाबली की पुन्हा ऑटोवर येतं. हळू दाबा, प्रत्येक टप्प्यावर दोन सेकंद थांबा. पट्टा सरकत सरकत बाहेर गेला तर झालं. पट्टा फक्त वर किंवा फक्त खाली चिकटून बसला आणि ट्रॅकिंगला दादच देत नसेल, दुसऱ्या कॅसेटवरही तसाच असेल, तर ड्रमच्या दोन बाजूंचे गाईड, म्हणजे टेपला वाट दाखवणाऱ्या खुंट्या, हललेत. ते फिरवायचे नाहीत. फिरवले की तुमची कॅसेट चांगली दिसेल, बाकी सगळ्या बिघडतील. तिथं मेकॅनिक गाठा.

हेड साफ करणं मात्र घरी जमतं, हात हलका असेल तर. पद्धत नीट सांगतो, कारण इथंच सगळे चुकतात.

प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद नको. झाकणाचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवा. आत पॉवर सप्लायची बाजू ओळखू येते, भिंतीची वायर जिथं जाते ती. तिकडं बोट नेऊ नका, प्लग काढल्यावरही तिथं करंट राहतो. मधोमध पेल्याच्या तळासारखा चकचकीत गोल ड्रम दिसेल, तिरका. त्याचा वरचा भाग फिरतो, खालचा नाही. दोघांच्या फटीशी बारीक खिडकीत तांदळाच्या कणीहून लहान काळसर टोक दिसतं, ते हेड. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं ते आणा. पेट्रोल नको, थिनर नको, अत्तर तर अजिबात नको. एकानं अत्तर लावून आणलेला. मऊ चामड्याची छोटी पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून, ड्रमच्या अंगाला सपाट टेकवून धरा. दाबायची नाही, टेकवायची. आणि ती पट्टी हलवायची नाही. हलवायचा ड्रम. दुसऱ्या हाताच्या बोटानं वरून धरून सावकाश आठ-दहा फेऱ्या द्या. पट्टीवर काळी-तपकिरी रेघ उमटेल. नवी जागा घेऊन पुन्हा. रेघ उमटायची थांबली की काम झालं. पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवून वाळू द्या.

वर-खाली कधीच घासू नका. ते टोक फेराइटचं, काचेसारखं ठिसूळ. आणि कानातला कापूस लावलेली काडी त्या खिडकीत अडकते. मी स्वतः १९९१ साली कुपवाडच्या एका रिसेप्शनच्या आदल्या रात्री तशीच काडी फिरवली आणि टक् असा आवाज आला. एवढासा आवाज. नवा ड्रम तेव्हा महिन्याच्या कमाईएवढा पडला. त्या काळी कोरी नोट घडी घालून हेडवर फिरवणारे उस्ताद होते, व्हिडिओ भाड्यानं देणारे. त्यांची मशीनं भाड्याचीच असायची, तुमचं तसं नाही. कापसाची काडी बाकीच्या ठिकाणी चालते. आवाजाचं हेड, टेप ओढणारा स्टीलचा दांडा, रबराचा रोलर. रोलरला अल्कोहोल अगदी थोडं.

साफ केलं आणि दोन मिनिटांत पुन्हा मुंग्या आल्या तर कॅसेटच घाण आहे. सांगलीत हे जास्त. कॅसेटची खिडकी उजेडात धरा. गुंडाळलेल्या टेपच्या कडेला पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. ती कॅसेट आत घालायची नाही म्हणजे नाही. बुरशी हेडवर बसते, आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. २००५, २०१९, २०२१, तीन पूर बघितले. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली माळ्यावर ठेवलेली लग्नंसुद्धा भिजली. पाणी ओसरल्यावर लोकांनी कॅसेटी गच्चीवर उन्हात वाळत घातल्या, पापडासारख्या. टेप उन्हात आकसते, वाकडी होते, चिखल तिच्या थरांत वाळून बसतो. भिजलेली कॅसेट वाजवू नका, उन्हात टाकू नका. हातानं टेप काढून साफ करणाऱ्याकडं लवकरात लवकर द्या. पावसाळ्यात एरवीही मशीन गार खोलीतून आणून लगेच लावू नका. ड्रमवर दव धरतं आणि टेप त्याला चिकटते. तासभर तसंच राहू द्या.

आता ज्याला सगळ्यात जास्त लोक वैतागतात ते. चित्र बाकी चांगलं, पण वरचं टोक एका बाजूला वाकतं. नवरीचं कपाळ इथं आणि मुंडावळ्या शेजारणीच्या डोक्यावर. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून राहिली की थोडी ताणते. एक हेड वाचून संपतं आणि दुसरं सुरू होतं, त्या सांध्यात वेळेचा बारीकसा झटका बसतो. झटका प्रत्येक फील्डच्या शेवटी बसतो, म्हणून टीव्ही सावरेपर्यंत पुढच्या चित्राच्या वरच्या ओळी वाकड्या निघून जातात. जुन्या टीव्हीत याची सोय असायची. काहींत एव्हीला किंवा एका ठरावीक चॅनल नंबरला हा झटका झटकन पकडायची जोडणी असे, म्हणून व्हीसीआर त्याच नंबरवर लावा असं पुस्तकात लिहिलेलं असायचं. नवा टीव्ही चित्र आधी आकड्यांत बदलतो, मगच दाखवतो. आकडे जुळले नाहीत की काहीजण चित्र वाकडं दाखवतात, काहीजण सरळ निळा पडदा टाकतात. लोक म्हणतात कॅसेट मध्येच बंद पडते. कॅसेट चालूच असते, टीव्ही बघायचं नाकारतो.

उपाय? कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, मध्ये न थांबता. टेपचा ताण सारखा होतो आणि बऱ्याचदा वाक कमी होतो. टीव्ही किंवा व्हीसीआरच्या मेनूत 'ब्लू बॅक' किंवा 'ब्लू स्क्रीन' असेल तर बंद करा, निदान खराब चित्र तरी दिसेल. कुणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल, नुसता प्लेअर नव्हे, तर व्हीसीआरची वायर त्यात घालून त्यातून टीव्हीला न्या. काही मॉडेल चित्र आत घेऊन नीट घडी घालून पुढं देतात. आणि माझं खरं मत विचाराल तर भंगारवाल्याकडून चालू पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आणा. लग्न बघायला तोच बरा. फक्त त्याला मोठे स्पीकर चिकटवू नका. स्पीकरच्या लोहचुंबकानं कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पडतो आणि मग दोष पुन्हा बिचाऱ्या व्हीसीआरवर.

चित्राच्या अगदी तळाशी एक बारीक दोरी नाचताना दिसते, तो बिघाड नाही. तोच दोन हेडांचा सांधा. जुन्या टीव्हीत ती पडद्याच्या चौकटीमागं लपायची, एलईडी सगळं उघडं करून दाखवतो. थोडं झूम करा, जाईल.

अमेरिकेहून आलेल्या कॅसेटी वेगळ्या. आपल्याकडं चित्राची पाल (PAL) पद्धत, ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. तिकडं एनटीएससी, ५२५ ओळी, सेकंदाला ३० च्या जवळपास. ती कॅसेट साध्या पाल व्हीसीआरवर चित्र फिरवते, फाडते, आवाजही बिघडवते. ट्रॅकिंग कितीही फिरवा, हेड कितीही पुसा. व्हीसीआरवर एनटीएससी प्लेबॅक लिहिलेलं असेल तरच लावा. उलट, आपलीच कॅसेट रंगाविना दिसत असेल आणि सोर्स बरोबर असेल तर टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम बघा. नातवानं एनटीएससी करून ठेवलेलं असतं. ऑटो किंवा पाल करा.

चित्र आळीपाळीनं उजळतं आणि काळवंडतं, असं सांगत कोणी आलं तर मी विचारतो, डीव्हीडी प्लेअरची वायर व्हीसीआरमधून टीव्हीला नेलीय का? नेलेलीच असते. विकत घेतलेल्या बऱ्याच डीव्हीडींत कॉपी होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन घातलेलं असतं, ते व्हीसीआरला गोंधळवतं. प्लेअर थेट टीव्हीला लावा. जाड काळसर आडवा पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकत असेल तर तो घुमणारा करंट, केबलची वायर काढून बघा आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा.

अँटेनाच्या वायरनंच व्हीसीआर जोडायचा असेल तर टीव्ही यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनलच्या आसपास लावून शोधा. व्हीसीआरमागं 'टेस्ट' असं बटण असेल तर ते चालू करा, काळ्या पडद्यावर पांढरे उभे पट्टे येतात, त्यावर टीव्ही बसवणं सोपं. चित्रावर माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेघा आल्या तर तिथं केबलचं दुसरं चॅनल येऊन बसलंय. मागचा बारीक स्क्रू किंचित फिरवून नंबर हलवा आणि टीव्ही पुन्हा लावा.

वहिनींकडे परत येतो. रंग आले, पण सगळे बुटके आणि रुंद. मुलगा म्हणाला, "आई, तू किती जाड होतीस गं." नव्हत्या. कॅसेटचं चित्र चारास तीन, टीव्ही सोळास नऊ, त्यानं ताणून बसवलेलं. पिक्चर साईज ४:३ केली, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसं आपल्या मापात आली.

कन्यादानाला वडील दिसले तेव्हा वहिनींनी रिमोट घेऊन पॉज दाबला. मी लगेच सोडायला लावला. पॉजवर टेप थांबते पण ड्रम थांबत नाही, सेकंदाला पंचवीस फेऱ्या त्याच जागी घासत राहतो. तेवढाच तुकडा झिजतो, नेमका जो तुम्हाला हवा असतो तो. म्हटलं, मागं घ्या, चालू ठेवा आणि वडील आले की मोबाईलनं फोटो काढा. तिसऱ्या खेपेला नीट आला.